प्रश्नावली ते केसपेपर : 'सेहत'ची वाटचाल

जिन्यावरून पडली. मोरीत पाय घसरला. चुकून फिनाईल प्यायली. स्टोव्हचा भडका उडाला. मुंबईतल्या महापालिका रुग्णालयांच्या अपघात विभागांत बायकांच्या नावांपुढे वर्षानुवर्षं अशा नोंदी होत आल्या. टाके पडले, पोट धुऊन झालं, मलमपट्टी झाली, की रजिस्टरचं पान उलटायचं. नोंद करणारा निवासी डॉक्टर खोटं लिहीत होता असं नाही. बाईनं, किंवा तिला घेऊन आलेल्या नवऱ्यानं-सासूनं जे सांगितलं, ते तो उतरवून घेत होता. याहून अधिक काही विचारायचं असतं, हे त्याला शिकवलंच नव्हतं आणि विचारायला वेळही नव्हता. बाहेर रांग लागलेली असायची.

ही जखम खरंच अपघाताची आहे का, हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो रुग्णालयानंच विचारायला हवा, असा आग्रह धरणारी माणसं डॉक्टर कमी आणि समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य शिकलेली जास्त होती. 'सेंटर फॉर एन्क्वायरी इन्टु हेल्थ अँड अलाइड थीम्स' म्हणजे 'सेहत' ही त्यांची संस्था. अनुसंधान ट्रस्ट १९९१ साली स्थापन झाला आणि १९९४ पासून मुंबईत 'सेहत'चं काम सुरू झालं. संस्थेच्या अहवालांची यादी मोठी आहे. ती देत बसलो तर वाटचालीऐवजी ग्रंथसूची होईल. मला या संस्थेची गोष्ट कागदांच्या अंगानं सांगावीशी वाटते : रुग्णालयात कोणता फॉर्म भरला जातो, त्यात कोणता रकाना असतो, कोणता नसतो, आणि सही कुणाची मागतात. वैद्यकाबाहेरची माणसं रुग्णालयात शिरली आणि तीस वर्षांत त्यांनी जे काही बदललं, ते बहुतांशी या रकान्यांत बदललं.

सुरुवात अर्थातच १९९४ च्या बरीच आधी होते. आरोग्यक्षेत्रात समाजशास्त्रज्ञाला काय काम, या प्रश्नाचं एक जुनं आणि ठसठशीत उत्तर बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेनं दिलं होतं. १९५९ साली ही संस्था सुरू झाली. तिथले डी. बॅनर्जी स्वतः डॉक्टर, पण मानववंशशास्त्र शिकलेले. त्यांनी स्टिग अँडरसन यांच्याबरोबर खेड्यांतल्या क्षयरोग्यांना साधा प्रश्न विचारला : तुम्हाला खोकला आहे हे तुम्हाला कळतं का, आणि कळत असेल तर तुम्ही काय केलंत? १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीतून निघालेलं उत्तर तोवरच्या समजुतीच्या अगदी उलट होतं. खेडूत अडाणी, तो मांत्रिकाकडे जातो, त्याला आधी जागं करायला हवं, अशी ती समजूत. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक लोक आपणहोऊन सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. अज्ञान शोधायचं तर ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला शोधायला हवं होतं. देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाची आखणी नेहमीच्या दवाखान्यांतून, बाह्यरुग्ण विभागातूनच करायची असं ठरलं, त्यामागे या पाहणीचा मोठा वाटा होता.

महाराष्ट्रात ही वाट एका शल्यचिकित्सकापासून निघते. जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर अँटिया कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करत. हात बरा करून पाठवलेला माणूस गावात पुन्हा तसाच उपेक्षित राहतो, हे पाहून त्यांचं लक्ष शस्त्रक्रियागृहाबाहेर गेलं. अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला त्यांनी गावातल्याच, फारसं न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. काम उत्तम चाललं, आणि म्हणूनच ते स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत खुपलं. प्रकल्प शेवटी गुंडाळावा लागला. गावातल्या बाईच्या हाती थर्मामीटर आणि औषधाची पेटी गेली की कुणाची तरी खुर्ची हलते, हा धडा वैद्यकाच्या पुस्तकात नव्हता. अँटियांनी १९७५ साली 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' ही संस्था काढली, आणि समाजशास्त्रज्ञांना तिथे कामाला घेतलं.

त्याच सुमारास भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक अभ्यासगट नेमला होता. १९८१ साली त्याचा अहवाल 'हेल्थ फॉर ऑल : अ‍ॅन ऑल्टरनेटिव्ह स्ट्रॅटेजी' या नावानं पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशननं छापला. ही पुण्याची संस्था जे. पी. नाईकांची. शिक्षणावर आयुष्य घालवलेला हा कोल्हापूरकडचा माणूस आरोग्याच्या अहवालातही तितक्याच तळमळीनं गुंतला होता. डॉक्टर आणि समाजशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसून एकच दस्तऐवज लिहितात, ही त्या वेळी तरी दुर्मीळ गोष्ट होती. एरवी वैद्यकीय महाविद्यालयांत 'मेडिकल सोशल वर्कर' नावाचं पद असायचं, आजही असतं. त्यावरच्या माणसानं गावात जाऊन माहिती गोळा करायची, गाडीची सोय बघायची, आणि निबंधावर नाव मात्र सहसा प्राध्यापक डॉक्टरांचं.

ऐंशीचं दशक मुंबईत फार गजबजलेलं होतं. मेडिको फ्रेंड सर्कल हा डॉक्टर-कार्यकर्त्यांचा गट १९७४ पासून होताच. १९८४ साली 'सोशलिस्ट हेल्थ रिव्ह्यू' हे त्रैमासिक निघालं. दोन वर्षांनी त्याचं नाव 'रॅडिकल जर्नल ऑफ हेल्थ' झालं. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं औषध खरेदीपासून मंत्रालयापर्यंतचा सगळा चिखल उपसून काढला. गर्भजलपरीक्षेविरुद्धची मोहीम याच काळातली. तिच्या रेट्यानं महाराष्ट्रानं १९८८ साली देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला. अमर जेसानी, रवी दुग्गल, मनीषा गुप्ते, सुनील नंदराज, पद्मा प्रकाश ही नावं या काळात कुठे ना कुठे एकमेकांजवळ भेटतात. कधी मासिकाच्या श्रेयनामावलीत, कधी मोर्चात, कधी अँटियांच्या संस्थेच्या अहवालावर.

त्या संस्थेतून निघालेल्या दोन कामांचा उल्लेख करायलाच हवा. एक, दुग्गल आणि सुचेता अमीन यांची जळगाव जिल्ह्यातली घरोघरची पाहणी, १९८९ ची. लोक आजारपणावर किती खर्च करतात? तोवर सगळी चर्चा सरकारी अर्थसंकल्पातल्या आकड्यावर चाले. जळगावच्या घरांनी दाखवून दिलं, की लोक स्वतःच्या खिशातून सरकारच्या कितीतरी पट घालतात, आणि तेही बहुतांशी खाजगी डॉक्टरकडे. आज हे सर्वज्ञात वाटतं. तेव्हा ते मोजलेलं नव्हतं. दुसरं काम जेसानींचं, उपकेंद्रांवरच्या नर्सबाईंवरचं. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं डोक्यावर, राहायला गावाबाहेरची पडकी खोली, रात्री दार वाजलं तर बाळंतपण आहे की गावगुंड हे कळायला मार्ग नाही. खेड्यातली आरोग्यसेवा जिच्या पायांवर चालते, त्या बाईच्या सुरक्षिततेचा रकाना कुठल्याच मासिक अहवालात नव्हता.

या मंडळींनी स्वतंत्र संस्था काढायचं ठरवलं, त्यामागे एक कारण मला विशेष महत्त्वाचं वाटतं. त्यांना संशोधन चळवळीच्या कामाला यावं असं वाटे, पण चळवळीला हवा तोच निष्कर्ष काढणारं संशोधन नको होतं. ही तारेवरची कसरत आहे, आणि 'सेहत'ला ती दरवेळी जमली असं कुणी म्हणू नये. पण निदान रचना तशी केली. बाहेरच्या माणसांकडून कामाचं सामाजिक परीक्षण करून घ्यायचं, प्रत्येक अभ्यास आधी नीतिविषयक समितीपुढे ठेवायचा. १९९४ साली समाजशास्त्राच्या संशोधनाला नीतिसमिती हवी असं म्हणणं अनेकांना चैन वाटली असती. सुई टोचायची नाही, रक्त घ्यायचं नाही. नुसते प्रश्न विचारायचे, त्यात कसली आली इजा?

इजा कशी होते ते या मंडळींना गावांत कळलं होतं. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत मनीषा गुप्ते, सुनीता बांदेवार आणि हेमलता पिसाळ यांनी गर्भपाताच्या गरजांवर अभ्यास केला. १९९७ साली तो प्रसिद्ध झाला. घराच्या ओट्यावर बसून, सासू आत भाकऱ्या थापत असताना, सुनेला असला प्रश्न विचारला तर उत्तर खोटं येतंच, शिवाय संध्याकाळी तिला मार बसू शकतो. त्यामुळे आधी ओळख, मग विश्वास, मग एकांत, आणि शेवटी प्रश्न, असा क्रम. त्यातून जे बाहेर आलं त्यातली एक गोष्ट कागदाची आहे. १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान बाईच्या गर्भपाताला फक्त तिची संमती लागते. संमतीच्या फॉर्मवर सही तिची. पण बायका सांगत होत्या, की दवाखान्यात नवऱ्याची सही मागतात. सरकारी दवाखान्यात तर त्याबरोबर तांबी बसवायची किंवा ऑपरेशन करून घ्यायची अटही घालतात. म्हणून त्या दूरच्या गावात, अनोळखी खाजगी डॉक्टरकडे, जास्त पैसे देऊन जात होत्या. कायद्यात नसलेला सहीचा रकाना कुणीतरी आपल्या मनानं वाढवला होता, आणि त्याची किंमत बाई मोजत होती.

नाशिक जिल्ह्यातल्या बायकांच्या आजारपणावरचा अभ्यास २००० साली आला. नेहा मढीवाला, सुनील नंदराज आणि रूपश्री सिन्हा यांचं हे काम. "गेल्या महिन्यात घरात कोण आजारी होतं?" असं घरच्या कर्त्याला विचारलं तर बायका जवळजवळ निरोगी निघतात. बाईनंच बाईला, एकेका त्रासाचं नाव घेऊन विचारलं, की कंबरदुखी, अंगावर जाणं, चक्कर, थकवा, एकेक बाहेर येऊ लागतं, आणि त्यातल्या पुष्कळ दुखण्यांवर कधीच उपचार झालेले नसतात. सांख्यिकीच्या माणसाला ही पद्धत सैल वाटू शकते; खणून विचारलं तर काहीही निघतं, असा आक्षेप असतोच. पण मग न खणता आलेला आकडा अधिक खरा कसा, याचं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यायला हवं.

नव्वदच्या दशकातच नंदराज आणि दुग्गल यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या खाजगी रुग्णालयांच्या भौतिक दर्जावर लिहिलं. १९४९ चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा तेव्हा काही मोठ्या शहरांपुरताच अमलात होता. बाकी महाराष्ट्रात डॉक्टरनं पाटी लावली की रुग्णालय सुरू. पांढऱ्या कपड्यातल्या बहुतेक 'सिस्टर' प्रशिक्षण न घेतलेल्या, शस्त्रक्रियेची खोली म्हणजे कधी राहत्या घराचीच एक खोली. पुढे २००५ च्या दुरुस्तीनं कायदा राज्यभर लागू झाला.

या सगळ्या अनुभवांतून २००० साली 'आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं' तयार झाली. मसुदा 'सेहत'नं केला आणि घनश्याम शहा, लक्ष्मी लिंगम, पद्मा प्रकाश यांच्यासारख्या अभ्यासकांच्या राष्ट्रीय समितीनं तो स्वीकारला. वैद्यकीय संशोधनासाठी नियम होते, समाजशास्त्रज्ञांसाठी असं काही नव्हतं. माहिती देणाऱ्याची संमती, गुप्तता, निष्कर्ष त्याच्यापर्यंत परत नेण्याची जबाबदारी, आणि कनिष्ठ संशोधकाच्या श्रमाचं श्रेय अशा गोष्टी त्यात आल्या. शेवटची बाब मला आवडते, कारण गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरणाऱ्या मुलामुलींचं नाव अहवालात छापलं जात नाही, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

त्याच वर्षी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९४ चा लिंगनिदानविरोधी केंद्रीय कायदा १९९६ पासून लागू होता, पण अंमल शून्य. 'सेहत', पुण्याची 'मासूम' ही संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी मिळून जनहित याचिका दाखल केली. २००१ ची जनगणना आली तेव्हा देशातलं ० ते ६ वयोगटातलं प्रमाण १,००० मुलग्यांमागे ९४५ मुलींवरून ९२७ वर उतरलेलं दिसलं. महाराष्ट्रात ते ९४६ वरून ९१३ झालं होतं. म्हणजे देशातला पहिला कायदा करणारं राज्य देशाच्या सरासरीच्या खाली गेलं. न्यायालयानं ४ मे २००१ रोजी आणि नंतर वेळोवेळी आदेश दिले, राज्यांना जाब विचारला, सोनोग्राफी यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांना ती कुणाकुणाला विकली याची यादी द्यायला लावली. २००३ मध्ये सुधारित कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अंतिम निकाल आला.

या कायद्याचा कणा म्हणजे 'एफ' फॉर्म. गरोदर बाईची सोनोग्राफी का केली, कुणी पाठवलं, आधीची मुलं किती, याची नोंद. डॉक्टरांच्या संघटनांनी या फॉर्मवर सर्वांत जास्त राग काढला आहे. कारकुनी चूक झाली तर फौजदारी गुन्हा कसा, हा त्यांचा युक्तिवाद २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला. त्या रागात थोडं तथ्य आहे हेही मान्य करावं; तपासणीला आलेला अधिकारी रिकाम्या रकान्यावर डॉक्टरला अडवतो आणि संगनमतानं चालणारं मोठं केंद्र सुटून जातं, अशा तक्रारी होतात. पण बंद खोलीत घडणाऱ्या गुन्ह्याचा दुसरा पुरावा कोणता, याचं उत्तर संघटनांकडेही नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ८९४ वर घसरला, हेही विसरून चालणार नाही.

आता 'दिलासा'. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि 'सेहत' यांनी २००० साली घरात मार खाणाऱ्या बायकांना रुग्णालयातच मदत देणारा हा संयुक्त प्रकल्प हाती घेतला. फोर्ड फाउंडेशनचं अनुदान होतं. महापालिकेच्या बाजूनं डॉ. सीमा मलिक यांनी तो लावून धरला. मलेशियातल्या सरकारी रुग्णालयांत हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी एका छताखाली मदत देणारी केंद्रं निघाली होती, ती डोळ्यांपुढे होती. मुंबईत मात्र रुग्णालयाच्या आवारात एक स्वयंसेवी संस्थेची खोली, असं स्वरूप ठेवलं असतं तर अनुदान संपताच खोलीला कुलूप लागलं असतं. म्हणून सुरुवातीपासून रुग्णालयाचेच लोक पुढे घातले : परिचारिका, समाजविकास अधिकारी, डॉक्टर. त्यांच्यातूनच प्रशिक्षक तयार केले. बाहेरच्या बाईंनी येऊन "स्त्री-पुरुष समानता" शिकवणं आणि आपल्याच वॉर्डच्या सिस्टरनं दुपारच्या पाळीत "अगं, ही जखम पडून होत नाही" असं सांगणं, यात फरक असतो.

डॉक्टरांचा पहिला सूर अपेक्षित होता : हे पोलिसांचं काम, आम्ही घरगुती भांडणात कशाला पडू? यावर लांबलचक व्याख्यान उपयोगाचं नव्हतं. काही गोष्टी त्यांच्याच भाषेत सांगाव्या लागल्या. पुन्हा पुन्हा डोकेदुखी, झोप न लागणं, गरोदरपणातली मारहाण, विष घेणं, या सगळ्यांचं कारण एक असेल तर ते न विचारणं म्हणजे अर्धवट निदान. विष घेतलेल्या बाईची नोंद 'चुकून' अशी का होते, हाही त्यातलाच प्रश्न. दंडविधानाच्या कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता. पोलिसांची झंझट नको म्हणून नातेवाईक, बाई आणि डॉक्टर तिघांनाही 'चुकून' सोयीचं पडे. त्या एका शब्दानं गुन्हा टळायचा, पण बाई पुन्हा त्याच घरी परतायची आणि कारण कुठेच लिहिलेलं नसायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम त्या रूपात उरलं नाही. पण 'दिलासा'च्या समुपदेशक या नोंदींमागे जाऊन खाटेपाशी बसू लागल्या त्या त्याआधी पंधरा-सतरा वर्षं.

समुपदेशक काय करतात? समेट घडवत नाहीत, हे आधी सांगायला हवं. आपल्याकडे कुटुंब सल्ला म्हटलं की दोघांना समोर बसवून "तूही जरा बोलणं कमी कर" असं सांगायची पद्धत. इथे पहिलं वाक्य वेगळं : मारहाणीला तुम्ही जबाबदार नाही. मग सुरक्षिततेचा विचार. आज रात्री घरी गेलात तर काय होईल? कागदपत्रं कुठे आहेत? शेजारी कोण दार उघडेल? आजची रात्र घरी जाणं धोक्याचं असेल तर बाईला एक-दोन दिवस निरीक्षणाखाली वॉर्डात दाखल करून घ्यायचं. मुंबईत आसऱ्याची जागा मिळणं किती कठीण आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या साध्या युक्तीची किंमत कळेल. आणि केसपेपरवर स्पष्ट लिहायचं : कुणी मारलं, कशानं, कधी, याआधी काय झालं होतं. ती बाई आज पोलिसांत जाईलच असं नाही. पाच वर्षांनी गेली तर तोच कागद तिच्या बाजूनं बोलतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००६ च्या ऑक्टोबरात लागू झाला तेव्हा 'दिलासा'कडे असे कागद आधीपासून तयार होते.

कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरं केंद्र निघालं. वांद्र्याचं केंद्र महापालिकेनं आपल्या अखत्यारीत घेतलं. पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून मुंबईतल्या ११ महापालिका रुग्णालयांत 'दिलासा' सुरू झालं. केरळनं 'भूमिका' या नावानं हीच कल्पना सरकारी रुग्णालयांत नेली. केंद्र सरकारची 'सखी' केंद्रं २०१५ पासून आली. ती महिला व बालविकास खात्याची. रुग्णालयाच्या कर्मचाऱ्याला ती आपली वाटायला वेळ लागतो. माझ्या मते 'दिलासा'चं यश नेमकं त्या 'आपली' या भावनेत आहे. आणि कच्चेपणही तिथेच आहे. मुळात कंत्राटी समुपदेशक, त्यात पगार वेळेवर नाही, बदली झालेला अधीक्षक नवा, मग पुन्हा पहिल्यापासून समजावणं.

लैंगिक अत्याचाराच्या वैद्यकीय तपासणीचा प्रश्न याहून कठीण होता, आणि तोही एका फॉर्मचाच. जुन्या नमुन्यांत योनिपटलाची स्थिती, 'दोन बोटांची चाचणी', बाई संभोगाला सरावलेली आहे का, तिची उंची-बांधा कसा, असे रकाने. पुरावा कायद्यातलं बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवू देणारं कलम १५५(४) संसदेनं २००२ च्या अखेरीस काढून टाकलं होतं. न्यायालयात जो प्रश्न विचारायला बंदी, त्याचं उत्तर डॉक्टर मात्र छापील कागदावर लिहून पाठवत राहिले. बचावाच्या वकिलाला आणखी काय हवं?

'सेहत'नं १९९८ च्या सुमारास तपासणीसाठी एक संच आणि त्याबरोबर मार्गदर्शिका तयार केली होती. २००८ पासून महापालिकेच्या तीन रुग्णालयांत एक संपूर्ण पद्धत प्रत्यक्ष राबवली : आधी उपचार, मग पुरावा. पोलिसांकडे तक्रार नसली तरी उपचार. प्रत्येक टप्प्याला वेगळी संमती, आणि नकार दिला तर तोही नोंदवायचा, त्यासाठी उपचार नाकारायचे नाहीत. फॉर्ममध्ये काही नवे रकाने आले, ते वरवर अगदी क्षुल्लक दिसतात. घटनेनंतर आंघोळ केली का? कपडे बदलले का? लघवीला जाऊन आली का? किती तास उलटले? वीर्याचा अंश किंवा जखम न सापडण्याची ही कारणं असतात. पूर्वी अहवालात नुसतं 'पुरावा आढळला नाही' असं यायचं आणि त्याचा अर्थ 'घडलंच नाही' असा लावला जायचा.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजीत खांडेकर यांच्या अहवालाच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे २०१० मध्ये याचिका आली. 'सेहत'नं त्यात हस्तक्षेप केला. सरकारनं नवा नमुना काढला, पण त्यातही जुने रकाने शिल्लक होते, म्हणून पुन्हा वाद. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर सगळं वेगानं हललं. फौजदारी कायद्याच्या २०१३ च्या दुरुस्तीनं खाजगी-सरकारी प्रत्येक रुग्णालयाला मोफत प्रथमोपचार बंधनकारक झाले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं मार्च २०१४ मध्ये जी मार्गदर्शक नियमावली काढली, तिच्यात मुंबईच्या तीन रुग्णालयांतला अनुभव ओळखू येतो. अपंग आणि पारलिंगी व्यक्तींच्या तपासणीचाही विचार तिच्यात आहे.

पुण्यात १९९८ पासून वाढलेली 'सेहत'ची 'साथी' ही शाखा २००५ साली स्वतंत्र झाली. आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख हे तिचं मोठं काम. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत गावकऱ्यांनीच प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवायचं. त्याची गोष्ट वेगळ्या लेखाची आहे.

मुंबईत पद्मा भाटे-देवस्थळी आणि नंतर संगीता रेगे यांच्या काळात 'सेहत'चा मोर्चा वैद्यकीय शिक्षणाकडे वळला. रुग्णालयात नोकरीला लागलेल्या डॉक्टरला बदलण्यापेक्षा विद्यार्थ्याला आधी गाठावं, हा हिशेब. राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांबरोबर बसून एमबीबीएसच्या प्रत्येक विषयात लिंगभावाचा मुद्दा कुठे येतो ते धडे तयार केले. औरंगाबाद आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेबरोबर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास झाला. हे काम संथ आहे, त्यात बातमी होत नाही.

एक तक्रार नोंदवतो. या संस्थेचं बरंचसं लेखन इंग्रजीत आहे. नाशिक, पुणे, वांद्रे इथल्या बायकांनी मराठीत, हिंदीत सांगितलेलं इंग्रजीत छापलं गेलं आणि वाचणारे बहुतेक दिल्ली-जिनिव्हाकडचे. प्रशिक्षणाच्या पुस्तिका मराठीत निघाल्या, पण आपल्या वाचनालयात मराठी वाचकाला सहज हाती लागेल असं या तीस वर्षांवरचं पुस्तक मला दिसलेलं नाही. निष्कर्ष माहिती देणाऱ्यांपर्यंत परत न्यावेत, हे तत्त्व यांनीच लिहिलं आहे.

आणि काम संपलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलं, की दोन बोटांची चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. तरी ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्य आणि योनिपटलाच्या 'महत्त्वा'चा पाठ परत आला. देशभरातून ओरड झाल्यावर ५ सप्टेंबरला आयोगानं तो अभ्यासक्रम मागे घेतला. घरात, शेजारात कुणी एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असेल, तर न्यायवैद्यकाचं कोणतं पुस्तक वापरता आणि त्यात या तपासणीबद्दल काय लिहिलं आहे, हे एकदा जरूर विचारा. जुनंच काही लिहिलेलं निघालं, तर २०१४ ची नियमावली त्यांच्या हाती ठेवा. ती आरोग्य मंत्रालयानं सर्वांसाठी खुली ठेवली आहे, तिला पैसे पडत नाहीत.